नवा संगणक जोडताना मदरबोर्डचे बायोस अद्ययावत कसे करावे

सगळे भाग जागच्या जागी नीट बसवूनही स्क्रीन काळीच राहणे, पंखे मात्र व्यवस्थित फिरत असणे आणि बोर्डाच्या कडेला ‘सीपीयू’ असे लिहिलेला छोटा दिवा काही केल्या न विझणे, हा प्रकार स्वतः संगणक जोडणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी माणूस आधी रॅम काढून पुन्हा बसवतो, मग एसएमपीएसवर (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीवर) संशय घेतो आणि शेवटी मदरबोर्डच सदोष आहे असे ठरवून दुकानदाराशी हुज्जत घालतो. प्रत्यक्षात अनेकदा एकही भाग बिघडलेला नसतो. मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये कारखान्यात भरलेले फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारे मूलभूत सॉफ्टवेअर, त्या प्रोसेसरच्या आधीच्या काळातले असते आणि समोर बसवलेला प्रोसेसर त्याच्या ओळखीचाच नसतो.

हे फर्मवेअर आता यूईएफआय प्रकारचे असले, तरी सगळे त्याला बायोसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे. बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटच्या जागेत प्रोसेसर जागा करणारा भाग, रॅमचा वेग जुळवणारा भाग, प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या कामकाजाच्या सूचना) आणि सेटिंगचे सगळे पर्याय बसवलेले असतात. एएमडीच्या प्रोसेसरसाठी यातला गाभा एएमडी स्वतः तयार करून बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांना देते. त्याला एजीसा म्हणतात, आणि प्रत्येक बायोस आवृत्तीच्या टिपणात सहसा त्याचा क्रमांक दिलेला असतो.

पुढचे विवेचन डोळ्यांसमोर एक नेमकी जोडणी ठेवून केले आहे: बी६५० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आणि रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर. बी६५० चे बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले, तर हा प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये. दोघांचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा, एकच, एएम५. इंटेलकडेही तीच स्थिती आहे. बी६६० चे बोर्ड जानेवारी २०२२ मधले, पण त्याच एलजीए १७०० सॉकेटवर बसणारे तेराव्या पिढीचे प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि चौदाव्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. सॉकेट जुळले म्हणजे काम झाले, ही समजूत इथेच फसते.

अपडेट करावे की नाही

‘चालू असलेल्या बायोसला हात लावू नये’ हा सल्ला जुन्या जाणकारांकडून हमखास मिळतो. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या कार्यालयीन संगणकाबाबत तो आजही बऱ्याच अंशी योग्य आहे. नव्या जोडणीला मात्र तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोर्ड टेबलावर मोकळा पडलेला असतो, डिस्कवर कोणतीही माहिती नसते, विंडोज बसवलेले नसते आणि काही बिनसलेच तर दुकानदाराकडे बदलून मागण्याची मुदतही संपलेली नसते. इतकी सोयीची वेळ त्या बोर्डाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.

शिवाय प्रश्न केवळ प्रोसेसर ओळखण्याचा नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएम५ वरचे काही प्रोसेसर, विशेषतः रायझन ७ ७८००एक्स३डी, सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटना पुढे आल्या, आणि त्यानंतर एएमडीने नव्या एजीसामार्फत एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकासारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधी तयार होऊन गोदामात पडून राहिलेल्या बोर्डावर ही मर्यादा असण्याची शक्यता नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीची गोष्ट याहून गंभीर आहे. ६५ वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड दिले, मे २०२५ मध्ये त्यात ०एक्स१२एफ ची भर घातली, आणि या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड बोर्ड कंपन्यांच्या बायोसमधून येतात. ते पुढचे नुकसान रोखतात, झालेले नुकसान भरून काढत नाहीत. म्हणून या पिढ्यांचा प्रोसेसर घेणाऱ्याने विंडोज बसवण्याच्याही आधी बायोस बदलून घ्यावे.

बोर्डावर आत्ता काय आहे, ते ओळखणे

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बोर्ड किती काळ पडून आहे, हे खोक्यावरूनच बरेचसे कळते. आयात मालाच्या वेष्टणावर आयातदाराचे नाव, कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष छापलेली चिठ्ठी असते. आपल्या उदाहरणात त्या चिठ्ठीवर २०२३ मधला महिना असेल, तर आतले बायोस ९६००एक्स ओळखणार नाही, असे धरून चालावे. काही खोक्यांवर अमुक मालिकेच्या प्रोसेसरसाठी तयार असल्याचे स्टिकर असते. ते असले तर उत्तम, नसले तरी बोर्ड अयोग्य ठरत नाही. काही बोर्डांवर फ्लॅश चिपवर किंवा एखाद्या जोडाच्या पाठीवर आवृत्तीचे बारीक स्टिकर चिकटवलेले सापडते.

यानंतर बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर जाऊन प्रोसेसर सपोर्टची यादी उघडावी. त्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणती बायोस आवृत्ती लागते ते दिलेले असते. खरेदीपूर्वी ही यादी पाहिली, तर निम्मा त्रास वाचतो.

मॉडेलचे नाव इथे अक्षरशः जुळले पाहिजे. एकाच नावाचा बोर्ड वायफायसह आणि वायफायशिवाय मिळतो, इंटेलच्या बाजूला डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही अवतार असतात, आणि गिगाबाइटच्या बोर्डांवर कोपऱ्यात १.०, १.१ किंवा १.२ असा रिव्हिजन क्रमांकही छापलेला असतो. दोन रिव्हिजनची बायोस वेगळी असू शकतात. नाव खोक्यावरून न घेता बोर्डावर छापलेले वाचून घ्यावे. दुकानात खोक्यांची अदलाबदल होतच नाही असे नाही.

फाइल आणि पेनड्राइव्ह

फाइल फक्त बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावी. सर्वात वरची आवृत्ती ‘बीटा’ असेल आणि तिच्याखालची पक्की आवृत्ती आपला प्रोसेसर ओळखत असेल, तर खालची निवडावी. आवृत्तीखालचे टिपण वाचायला दोन मिनिटे लागतात आणि ती द्यावीतच, कारण ‘या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही’ किंवा ‘आधी अमुक आवृत्ती टाकावी’ यांसारख्या सूचना तिथेच असतात.

वापरलेला बी४५० बोर्ड घेऊन त्यावर रायझन ५ ५६०० बसवू पाहणाऱ्यांना हा इशारा अधिक लागू पडतो. त्या काळातल्या अनेक बोर्डांवर १६ मेगाबाइटचीच चिप होती आणि नव्या प्रोसेसरना जागा करून देण्यासाठी काही कंपन्यांनी बायोसमधून सर्वात जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकला. अशा बोर्डावर अपडेट करण्यासाठी जुना प्रोसेसर वापरला आणि नंतर तोच पुन्हा बसवला, तर कदाचित बोर्ड सुरूच होणार नाही.

उतरवलेली फाइल बहुधा झिप स्वरूपात असते. ती उघडून आतली मूळ फाइल बाहेर काढावी लागते. झिप तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर बोर्डाला ती दिसत नाही. कंपनीने संकेतस्थळावर शा-२५६ चा आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे पडताळण्याची खूण) दिला असेल, तर विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीतून आपल्या फाइलचा आकडा काढून ताडून पाहावा.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्यावा आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. नव्या १२८ जीबीच्या वेगवान ड्राइव्हपेक्षा कपाटात पडलेला ८ जीबीचा जुना यूएसबी २.० ड्राइव्ह या कामाला बरा. बटण दाबून होणाऱ्या अपडेटमध्ये बोर्ड एका ठराविक नावाचीच फाइल शोधतो. एमएसआयच्या बोर्डाला ‘एमएसआय’ या नावाची आणि ‘रॉम’ या शेपटाची फाइल लागते, गिगाबाइटला ‘गिगाबाइट’ नाव आणि ‘बिन’ शेपूट, एएसरॉकला ‘क्रिएटिव्ह’ नाव आणि ‘रॉम’ शेपूट. नावे अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. असूस फाइलसोबतच नाव बदलून देणारा छोटा प्रोग्राम देते. नाव बदलताना विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये फाइलचे शेपूट दाखवण्याचा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे नकळत दोन शेपटे जोडली जाणार नाहीत. फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न ठेवता ड्राइव्हवर थेट ठेवावी.

विजेची सोय

सगळ्या प्रक्रियेत खरा धोका एकच आहे, तो म्हणजे लेखन चालू असताना वीज जाणे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे तो दिवस टाळावा. पावसाळ्यात गडगडाट सुरू असताना हे काम काढू नये, हे वेगळे सांगायला नको. संगणकासाठीचा साधा यूपीएस असेल तर काम निर्धास्त होते. घरच्या इन्व्हर्टरवर अवलंबून राहायचे असेल, तर त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’ या बाजूला आहे ना, ते पाहावे. ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ स्थितीत वीज बदलण्यास लागणारा वेळ पंख्याला आणि दिव्याला जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात बंद पडू शकतो.

प्रोसेसरशिवाय, बटणाने

ज्या बोर्डाच्या मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅश करण्याचे बटण आहे, त्याला प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड यांपैकी काहीही बसवावे लागत नाही. बोर्डावरचा एक वेगळा छोटा नियंत्रक पेनड्राइव्हवरची फाइल वाचून थेट चिपमध्ये लिहितो. असूस याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, आणि गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. नव्या जोडणीसाठी बोर्ड निवडताना मी या बटणाला आरजीबी दिव्यांपेक्षा कितीतरी वरचे स्थान देईन.

बोर्ड त्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. ज्या चंदेरी पिशवीतून तो आला, तिच्या वरच्या बाजूवर तो चालू करू नये, कारण ती पिशवी काही प्रमाणात वीजवाहक असू शकते. एसएमपीएसचा २४ पिनी मुख्य जोड आणि प्रोसेसरसाठीचा ८ पिनी जोड, असे दोन्ही खट् आवाज येईपर्यंत दाबून बसवावेत. दुसरा जोड विसरण्याचे प्रमाण मोठे आहे. एसएमपीएसचा मागचा स्विच चालू करावा, पण संगणक सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

पेनड्राइव्ह कोणत्याही यूएसबी पोर्टमध्ये लावून चालत नाही. मागच्या पट्टीवर एकाच पोर्टभोवती चौकट आखलेली असते किंवा शेजारी ‘बायोस’ असे छापलेले असते. फ्लॅशचा नियंत्रक फक्त त्याच पोर्टशी जोडलेला असतो. आता बटण दाबावे. असूसच्या बोर्डावर ते साधारण तीन सेकंद, दिवा तीनदा लुकलुकेपर्यंत, दाबून धरावे लागते. इतरांवर किती वेळ धरायचे ते मार्गदर्शिकेत पाहावे. काम सुरू झाले की दिवा लुकलुकत राहतो आणि संपले की विझतो. याला पाच-आठ मिनिटे लागणे सामान्य आहे, काही वेळा थोडी जास्तही. या काळात पेनड्राइव्ह, वायर आणि स्विच यांपैकी कशालाही हात लावू नये.

दिवा काही क्षण लुकलुकून लगेच स्थिर झाला किंवा लागताक्षणी विझला, तर घाबरण्याचे कारण नाही. याचा अर्थ बोर्डाला फाइल सापडली नाही किंवा पसंत पडली नाही, एवढाच. लेखनाला सुरुवातच झालेली नसते. नाव, फॅट३२, पोर्ट आणि मॉडेल या क्रमाने तपासणी करावी, आणि सगळे बरोबर असूनही तेच घडले तर दुसरा पेनड्राइव्ह घ्यावा. बहुतेक वेळा दोष पेनड्राइव्हचाच निघतो.

बटण नसेल तर

अशा वेळी बोर्डाला ओळखीचा असलेला जुना प्रोसेसर तात्पुरता बसवावा लागतो. मित्राकडून मागून आणण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे खरेदी करतानाच दुकानदाराला बायोस बदलून देण्यास सांगणे. असेंब्ली करणाऱ्या बऱ्याच दुकानांत या कामासाठी प्रोसेसर असतो. एएमडीनेही २०१८ मध्ये अशा अडचणीत सापडलेल्या ग्राहकांना काही दिवसांसाठी साधा प्रोसेसर उसना देण्याची सोय केली होती, यावरून प्रश्न किती जुना आहे ते लक्षात येते.

बोर्ड सुरू होतच असेल, म्हणजे प्रोसेसर ओळखला जात असेल आणि केवळ आवृत्ती जुनी असेल, तर सेटिंगमधील अंगभूत सोय वापरावी. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जावे. असूसमध्ये तिला ईझी फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश आणि एएसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश असे नाव आहे. या पद्धतीत फाइलचे नाव बदलावे लागत नाही. मात्र त्याआधी सगळी सेटिंग मूळ स्थितीत आणावीत, रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी एक्सपो किंवा एक्सएमपी ही सेटिंग बंद करावी आणि मगच फाइल निवडावी, कारण ताणलेल्या वेगावरची रॅम डळमळीत असेल तर वाचलेल्या फाइलमध्येच चूक शिरू शकते. विंडोज चालू असताना बायोस बदलणारे प्रोग्रामही कंपन्या देतात. ते मी सुचवणार नाही. चिपमध्ये लिहिणे चालू असताना पार्श्वभूमीला एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचे ड्रायव्हर धावत असण्याची गरज काय?

पहिला आरंभ

अपडेट झाल्यावर एसएमपीएस बंद करून प्रोसेसर, कूलर आणि रॅम बसवावी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. आता संगणक सुरू करावा आणि थांबावे. एएम५ वर डीडीआर५ रॅमचे ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने रॅमशी वेग जुळवून घेणे, पहिल्या वेळी काही मिनिटे चालते, मोठ्या क्षमतेच्या किंवा चार पट्ट्या असतील तर त्याहून अधिक. तोवर स्क्रीन काळी असते, रॅमचा दिवा लागलेला असतो आणि संगणक मध्येच एक-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. या टप्प्यावर धीर सोडून पॉवर बटण दाबणारे पुष्कळ असतात आणि त्यामुळे ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटे तरी वाट पाहावी.

त्यानंतरही चित्र नसेल, तर मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते पाहावे. ९६००एक्समध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, पण ७५००एफमध्ये किंवा एएम४ वरच्या ५६००मध्ये ते नाही, आणि अशा प्रोसेसरबरोबर बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला वायर लावली तर बायोस कितीही नवे असले तरी काही दिसणार नाही.

बायोसच्या पहिल्याच पानावर आवृत्ती आणि तारीख दिसते. ती उतरवलेल्या फाइलशी जुळली की काम फत्ते. पुढे विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावर तीच नोंद पाहता येते.

आता सेटिंग. अपडेटनंतर सगळे मूळ स्थितीला गेलेले असते, त्यामुळे एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करणे ही पहिली पायरी. ते विसरले तर ६००० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर५ रॅम ४८०० वर चालत राहते आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. पंख्यांचा वेग, बूटचा क्रम आणि आभासी यंत्रे वापरणाऱ्यांसाठी व्हर्च्युअलायझेशन हेही याच वेळी लावून घ्यावे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरनेच सुरू होण्याची सोय) यांची स्थिती पाहावी. नव्या एएमडी प्रोसेसरसह पहिल्यांदा सुरू होताना एफटीपीएम (प्रोसेसरमधलेच टीपीएम) रीसेट करायचे का, असा प्रश्न आला तर नव्या जोडणीत ‘वाय’ दाबण्यात काहीच धोका नाही. एक्सपो चालू केल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवून एकही चूक येत नाही ना, याची खात्री करून मगच विंडोज बसवावे.

लेखन चालू असताना वीज गेलीच, तर ज्या बोर्डाला फ्लॅशचे बटण आहे, त्यावर तीच प्रक्रिया पुन्हा करून बोर्ड सहसा परत उठतो, कारण बटणामागचा नियंत्रक मुख्य बायोसवर अवलंबून नसतो. बटण नसलेल्या बोर्डासाठी सेवा केंद्र, किंवा सीएच३४१ए सारख्या प्रोग्रामरने चिपवर थेट लिहून देणारा कारागीर, एवढेच मार्ग उरतात. कारागिराकडे जाण्याआधी हमीची मुदत पाहून घ्यावी. काही चिप १.८ व्होल्टवर चालतात आणि त्यांना ३.३ व्होल्ट दिल्यास कायमच्या निकामी होऊ शकतात, हेही त्याला माहीत असले पाहिजे.

यानंतरचे अपडेट मात्र आजच्याइतके निश्चिंतपणे करता येणार नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले, तर डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि बायोस बदलल्यावर किंवा एफटीपीएम रीसेट झाल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. म्हणून पुढच्या वेळी अपडेटपूर्वी ती की खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी, बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्ट करणारे साधन) तात्पुरते स्थगित करावे, आणि एफटीपीएमचा तोच प्रश्न पुन्हा आला तर की हाताशी असल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये.